विषाच्या कपाटातला उजेड

आमच्या खैरटोल्यात लटारू मशाखेत्रीचं नाव निघालं की माणसं आधी सरळ बसतात आणि मग गालातल्या गालात हसतात. सरळ बसतात, कारण लटारू गावाच्या दारूमुक्ती समितीचा अध्यक्ष आहे. हसतात कशासाठी, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं, एकट्या लटारूला सोडून. त्याला ते कळलं तेव्हा त्याची पन्नाशी उलटून गेली होती. आणि कळायला निमित्त झालं एका काचेचं, जिच्यावर तांब्याचा एक पदार्थ कांद्याच्या पापुद्र्याहूनही पातळ पसरलेला होता. गोष्ट सावकाशीची आहे. घाई असेल त्यानं अहेरीची पुढची बस धरावी.

रस्त्याच्या कडेला सागाचं जंगल संपतं आणि धानाच्या बांध्या सुरू होतात, तिथं आमचं कॉलेज आहे. लटारू त्याच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर. परीक्षानळ्या धुवायच्या, पोरांनी सांडलेलं पुसायचं, बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या सुटल्या की पुन्हा चिकटवायच्या, हे त्याचं काम. खाकी शर्टाची वरची गुंडी त्यानं वैशाखातही कधी उघडी ठेवली नाही. प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात एक लोखंडी कपाट आहे, त्याला विषाचं कपाट म्हणतात. विषारी रसायनं कुलपात ठेवावीत असा नियम आहे म्हणून ते आलं. पण कॉलेज गरीब. पाऱ्याची एक कुपी आणि दोन-चार डबे सोडले तर आत ठेवायला विष विकत घेण्याचीही ऐपत नव्हती. त्या रिकाम्या कपाटाची किल्ली लटारू करदोड्याला बांधून फिरायचा. आंघोळीलाही ती सोबत असायची. प्राचार्यांनी मागितली तरी तो किल्ली देत नसे, स्वतः येऊन उघडून देई आणि शेजारी उभा राही.

लटारू दारू पीत नसे. तसं न पिणारे आमच्याकडे बरेच आहेत, पण ते फक्त पीत नाहीत, एवढंच. लटारूचं तसं नव्हतं. न पिणं हा त्याचा मुख्य धंदा होता आणि नोकरी जोडधंदा. लग्नात सासऱ्यानं आडोशाला नेऊन पेला पुढं केला, तेव्हा त्यानं भर मांडवात येऊन, वाजंत्री थांबवून सांगितलं की मी घेत नाही. सासरा आजही त्याच्याशी बोलताना गोठ्याकडे बघतो. त्याची बायको कमळा म्हणते, या मानसाले भात नाई दिला तरी चालते, पन कोनीतरी दिवसातून एकदा म्हनलं पाहिजे का लटारूभाऊ थेंबाले शिवत नाई.

आमच्या जिल्ह्यात दारूबंदी आहे. म्हणजे दारू मिळते, पण तिचं नाव मोठ्यानं घेत नाहीत. गावातल्या बायांनी गट केला, नीलाबाई त्यांची म्होरकी झाली, आणि अध्यक्ष कोणाला करायचं हा प्रश्नच आला नाही. मग धाडी सुरू झाल्या. पुढं लटारू हातात काठी घेऊन, मागं बायांची पलटण. मडकी फुटायची, बाटल्या जप्त व्हायच्या. पोलिसांची गाडी येऊन पंचनामा करीपर्यंत त्या बाटल्या पंचायतीच्या खोलीत ठेवायच्या, असं ठरलं होतं. पण गाडी यायला आठवडा लागायचा, आणि तोवर बाटल्यांतल्या दारूचं पाणी व्हायचं. हा चमत्कार बंद दाराआड व्हायचा आणि त्याचा साक्षीदार कधी सापडला नाही.

तेव्हा लटारूनं सभेत उभं राहून सांगितलं, "माल मी ठेवीन. कुठी ठेवीन ते विचारू नोका. पन तिथून एक थेंब कमी होनार नाई."

सभेनं एकमेकांकडं पाहिलं आणि माना हलवल्या. ठराव बिनविरोध पास झाला.

लटारूचा विचार त्याच्यापुरता अगदी सरळ होता. दारू हे विष आहे, हे तो रोज लोकांना सांगत होता. विष ठेवायसाठी सरकारनं कपाट दिलेलं आहे. किल्ली आपल्याजवळ आहे. मग दारू त्या कपाटात गेली, यात चुकलं काय? जप्तीच्या बाटल्या थैलीत घालून तो कॉलेजात नेई, खालच्या कप्प्यात डब्यांच्या मागं लावून ठेवी. पोलिसांनी मागितल्या तर देई. फार दिवस मागितल्या नाहीत तर एखाद्या सकाळी, कोणी यायच्या आत, मागच्या नालीत ओतून टाकी. हे त्यानं कोणाला सांगितलं नाही, कारण सरकारी कपाटात दारू ठेवली हे प्राचार्यांच्या कानावर गेलं असतं तर त्यांना त्याचा सरळपणा दिसला नसता. बाटल्यांना बूच म्हणून चिंध्यांचे बोळे असायचे. लटारूनं ते कधी बदलले नाहीत. जप्तीचा माल जसा आला तसा ठेवावा, असं त्याचं मत होतं.

अशात प्रफुल निकुरे सर आले. राजुऱ्याचा पोरगा, बाप कोळशाच्या खाणीत डंपरवर. डॉक्टरेट झालेला, पण आमच्या कॉलेजात तासावर शिकवायचा. अंगानं किडकिडीत, आणि नाक लहानपणच्या कोळशाच्या धुळीनं कायमचं चोंदलेलं. वर्ग संपला की तो प्रयोगशाळेत एक खटाटोप करी. जुन्या कॉम्प्युटरचा पंखा उलटा करून त्यावर काचेची पट्टी चिकटवायची, पट्टीवर तांब्याच्या पदार्थाचे दोन थेंब टाकायचे आणि पंखा सुरू करायचा. थेंब गरगर पसरून काचेवर इतका पातळ थर बसायचा की बोट लावलं तरच कळावं. मग खिडकीला काळं कापड लावायचं आणि दुकानदार नोटा तपासतात तो निळसर दिवा त्या काचेवर धरायचा. काच आपली आपण उजळायची. फिकट, हिरवट, डबक्यातल्या शेवाळासारखी.

लटारूनं पहिल्यांदा पाहिलं तेव्हा विचारलं, "सर, याच्यात दिवा कुठी आहे?"

"दिवा नाई भाऊ. या पदार्थाचे कण सुकताना आपोआप एकमेकांजवळ सरकतात, रांग धरतात. तांब्याशेजारी तांबं आलं का त्याईच्यातून उजेड निघते. रांग जेवढी नीट, तेवढा उजेड चांगला."

"आपोआप? कोनी धरायले लावत नाई?"

"कोनीच नाई."

लटारूला हे पटलं नाही. "धानाच्या रोवणीत दोरी नाई लावली तं बायाइची वळ वाकडी जाते, सर. आन त्याईले तं डोळे हायत."

"म्हनूनच माह्या काचा अशा फिक्या पडून राह्यल्या," प्रफुल सर म्हणाला आणि हसला. पण हसण्यात जीव नव्हता. नागपूरच्या विद्यापीठात रंजीता मॅडम म्हणून एक मोठ्या बाई होत्या, त्यांच्या प्रकल्पात त्याला जागा हवी होती. शेवाळाचा रंग दाखवून ती मिळणार नव्हती.

प्रयोगशाळेत उंदीर फार. एकदा त्यांनी प्रफुल सरच्या दोन काचा पाडल्या, तेव्हा लटारू म्हणाला, "माह्या कपाटात ठेवा." मोठ्या मेहरबानीनं त्यानं कुलूप उघडलं, वरचा कप्पा पुसून दिला आणि काचा आत ठेवून पुन्हा कुलूप लावलं. दुसऱ्या दिवशी त्या काढून दिव्याखाली धरल्या तर हिरवा रंग गेलेला. काच केशरी पेटली होती. फाल्गुनातल्या पळसाकडे उन्हात बघितलं की डोळे बारीक होतात, तशी. प्रफुल सर खुर्चीवर बसला, उठला, पुन्हा बसला. संध्याकाळपर्यंत रंग उतरला. काच पुन्हा कपाटात ठेवली, सकाळी पुन्हा केशरी.

प्रफुल सरनं त्याचं कारण शोधून काढलं. शिकलेला माणूस कारणाशिवाय राहू शकत नाही. कपाटात अंधार आहे, हवा हलत नाही, लोखंड थंड राहतं. तिथं कणांना निवांत रांग धरता येते, असं त्यानं ठरवलं आणि तसं नागपूरला कळवलं. रंजीता मॅडमचं उत्तर आलं की मी स्वतः येऊन बघते. लटारूची छाती दोन बोटं वर आली. पानठेल्यावर तो सांगू लागला, "माह्या कपाटात ठेवलेली वस्तू उजेड देते. शिस्त पाहिजे, बाप्पा. शिस्तीत ठेवलं का सगळं सुधरते."

लोक म्हणत, हाव भाऊ, तुमचं कपाट आमाले माहीत हाय.

मॅडम येणार म्हणून लटारूनं जे केलं ते कोणत्याही इमानदार परिचरानं केलं असतं. त्यानं कपाट साफ केलं. नागपूरच्या बाई कपाट उघडून बघतील आणि खालच्या कप्प्यात बाटल्या दिसतील, या विचारानंच त्याला घाम फुटला होता. सकाळी लवकर जाऊन त्यानं सगळ्या बाटल्या नालीत रिकाम्या केल्या, कपाट बाहेर ओढून साबणानं धुतलं, दिवसभर उन्हात ठेवलं, कागद अंथरला आणि प्रफुल सरच्या काचा देवघरात मूर्ती ठेवाव्या तशा आत ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी काचा काढल्या तर शेवाळ. नव्या केल्या, ठेवल्या, काढल्या. शेवाळ. मॅडम उद्या दुपारी येणार होत्या.

प्रफुल सर जमिनीवर बसून कपाटाकडं बघत राहिला. पोरगा हुशार होता, फक्त नाक बंद होतं. मग तो म्हणाला, "अंधार तोच, थंडी तीच. मग बदललं काय? भाऊ, कशाचीतरी वाफ व्हती इथी. वाफ त्या थरात शिरली का कण ढिले होतात आन सरकून जवळ बसतात. वाफ उडाली का पुन्हा विस्कटतात. तुमी कपाट धुतलं, वाफ गेली. काय ठेवलं होतं तुमी याच्यात?"

"काई नाई," लटारू म्हणाला.

"आठवा. स्पिरिट? अल्कोहोल?"

"सर, या कॉलेजात अल्कोहोल नाई. परवाना लागते. प्राचार्य दारूबंदीच्या जिल्ह्यात तसला अर्जबी करत नाईत."

हे खरं होतं. म्हणूनच प्रफुल सरनं तो विचार सोडून दिला आणि कपाळ गुडघ्यावर टेकवलं. पण आधीचं 'काई नाई' हे लटारूच्या उभ्या आयुष्यातलं पहिलं खोटं असावं. सवय नसल्यामुळं ते त्याला जड झालं. घरी आल्यावर त्यानं पाणी मागितलं आणि प्यालाच नाही. कमळानं विचारलं तेव्हा सगळं सांगितलं.

"मंग सांगून टाका नं त्या पोराले," ती म्हणाली.

"तुले समजत नाई. उद्या गावभर होईन का लटारूच्या कपाटात दारू सापडली. कोन पाह्यते ती जप्तीची का घरची? माह्याजवळ वावर नाई, पैसा नाई. नाव आहे. तेवढंच आहे."

"आन त्या पोराजवळ?"

लटारू उठून अंगणात गेला. कमळाच्या बोलण्यात हे नेहमीचं होतं. ती भांडत नसे, एखादा शब्द जेवणात खडा यावा तसा ठेवून देई.

सकाळी कॉलेजचं फाटक उघडायच्या आधीच लटारू प्रफुल सरच्या खोलीवर उभा होता. पोरगा नागपूरला फोन करून मॅडमना येऊ नका म्हणायच्या बेतात होता. लटारूनं दाराशी उभं राहून, भिंतीकडं बघत सांगितलं की कपाटात मोहाची दारू होती, बऱ्याच दिवसांपासून होती, आणि ती कशी आली. आपलं काय होईल ते होवो, अशी त्याची तयारी होती. प्रफुल सर शिव्या देईल, प्राचार्यांकडं नेईल, असं सगळं त्यानं मनाशी पाहून ठेवलं होतं. प्रफुल सरनं त्याला मिठी मारली.

"भाऊ, आना लवकर!"

"काय आनू?"

"तीच! आठ-दहा घंटे कपाटात नाई मिळाले तरी चालन. डब्यात काच आन वाटीभर मोहाची झाकून ठेवली तं दोन घंट्यात रंग येईन. आना ना भाऊ!"

"सर, ती मी नालीत ओतली."

"मंग दुसरी आना."

लटारूनं या शक्यतेचा विचार केला नव्हता. आपली अब्रू जाईल हे त्यानं धरलं होतं, पण ती स्वतःच्या पायानं चालत जाऊन मागून आणावी लागेल, हे काही त्याच्या डोक्यात आलं नव्हतं. त्यातून मोठी अडचण म्हणजे त्याच्याच धाडींमुळं गावात उघड भट्टी कोणाची राहिली नव्हती. खात्रीनं मिळेल असं घर एकच होतं. जंगलाकडच्या टोकाला, सोमारी मडावीचं.

सोमारी अंगण झाडत होती. लटारूला बघून तिनं झाडू थांबवला, पण खाली ठेवला नाही.

"कोन, अध्यक्ष? आज एकटेच? बायाइची पलटन कुठी हाय?"

"एकटाच आलो."

"मंग मडके कोन फोडन? तुमची कंबर तं वाकत नाई आता."

"सोमारी, मले एक बाटली पाहिजे."

"कायची?"

लटारूनं आजूबाजूला पाहिलं. कोंबड्या होत्या. "मोहाची," तो म्हणाला.

सोमारीनं झाडू ठेवला, पदर तोंडाला लावला आणि उंबऱ्यावर बसून हसली. हसणं संपलं असं वाटायचं आणि पुन्हा सुरू व्हायचं. लटारू शर्टाची वरची गुंडी चाचपत उभा राहिला.

"काऊन, कमळाबाईनं घरून काढलं का?"

"कॉलेजात पाहिजे. प्रयोगासाठी. तिच्या वाफेनं काचेवर उजेड पडते."

"पडते नं. माह्या आज्यालेबी पडे. त्याले तं अवसेच्या दिवशी चंद्र दिसे."

"मी खरं सांगून राह्यलो, सोमारी."

तिचं हसू थांबलं. "मीबी खरंच सांगत होती, भाऊ. मागच्या साली म्हटलं का हे मडकं विकाचं नाई, पेनाचं हाय. आमच्या देवाले पयला थेंब द्या लागते, आमचे बापजादे देत आले. तुमी ऐकलं का? काठी घातली. मोहा सगळा चुलीत गेला. पेनाले काय देलं त्या साली, मालूम हाय? पानी देलं."

समितीच्या भाषणात तो भाग नव्हता. लटारू पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिला, आणि आमच्या गावात अध्यक्षांना असं उभं राहिलेलं कोणी पाहिलेलं नव्हतं. सोमारी आत गेली. बाहेर आली तेव्हा हातात बाटली होती, पाण्यासारखी स्वच्छ.

"पैसे?" लटारूनं खिशात हात घातला.

"पैसे घेतले तं विकली म्हनसान. तशीच न्या. पन पिशवीत नाई, शर्टाखाली नाई. हातात धरून, मधल्या रस्त्यानं, पुऱ्या गावातून."

"मी नाल्याच्या बाजूनं जातो."

"नाल्यानं गेले तं मी मांगून वरडत येईन."

आणि लटारू मशाखेत्री सकाळच्या लख्ख उन्हात, उजव्या हातात मोहाची बाटली धरून, खैरटोल्याच्या मधल्या रस्त्यानं निघाला. रस्ता काही लांब नाही, पण त्या दिवशी तो नुसता वाढतच गेला. बोरिंगवर बाया होत्या. शाळेच्या भिंतीला टेकून म्हातारे ऊन खात होते. दुकानापाशी मोटारसायकली उभ्या होत्या. लटारूनं मान ताठ ठेवली आणि कोणीतरी ओरडेल याची वाट बघत चालला. कोणी ओरडलं नाही. बायांनी हंडे बाजूला घेऊन वाट दिली. म्हाताऱ्यांनी रामराम केला, नेहमीपेक्षा जरा आपुलकीनं. दुकानापाशी पत्रू भेटला, ज्याच्या तोंडाला गावात कुलूप नाही.

"भाऊ, थैली इसरले का आज?"

"कॉलेजात न्यायची आहे," लटारू म्हणाला.

"हाव, कॉलेजातच न्या. तिथी बरं राह्यते."

"पत्रू, मी घेत नाई. तुले माहीत आहे."

"माहीत हाय नं भाऊ! मलेच काऊन, पुऱ्या गावाले माहीत हाय." पत्रूनं दोन्ही हात जोडले. लटारूला बरं वाटलं. आपलं नाव इतकं पक्कं आहे की हातात बाटली असूनही त्याला डाग लागत नाही, असा त्यानं त्याचा अर्थ घेतला. पुढचा रस्ता तो जवळजवळ मिरवत चालला.

दुपारी काळं कापड लावून प्रफुल सरनं डब्याचं झाकण काढलं आणि निळा दिवा धरला. काच केशरी पेटली, पहिल्याहून जास्त. रंजीता मॅडम खाली वाकल्या, चष्मा वर केला, काच हातात घेऊन फिरवली. बाहेर काढून ठेवल्यावर ती हळूहळू हिरवी होत गेली, पुन्हा डब्यात घातली तेव्हा कडेकडून केशरी चढू लागली. मग मॅडमनी विचारलं, "वाफ कशाची आहे?"

प्रफुल सर म्हणाला, "मॅडम, स्थानिक वनस्पतीपासून मिळवलेला एक... अर्क."

मॅडमनी डब्यावर नाक नेलं. त्या मूळच्या गोंदियाकडच्या. "मोहाची," त्या म्हणाल्या. "आणि चांगली आहे. कोणी आणली?"

लटारू पुढं झाला आणि सावधानमध्ये उभा राहिला. मॅडमनी त्याच्याकडं नीट पाहिलं, हसल्या आणि म्हणाल्या, "दादांचा हात चांगल्या ठिकाणी पोचतो." पुढं नागपुरात परवान्याच्या शुद्ध अल्कोहोलवर तेच करून बघितलं आणि तेच झालं. प्रफुल सरला जागा मिळाली. निबंध छापून आला, त्यात अल्कोहोल लिहिलं आहे. लटारू, सोमारी आणि लोखंडी कपाट यांचा त्यात उल्लेख नाही, आणि असावा असं कोणाला वाटलंही नाही.

लटारूला मात्र झोप येईना. मॅडमचं ते हात पोचण्याचं वाक्य त्याला बोचत होतं. त्यानं ठरवलं की सगळं गावासमोर मांडायचं, म्हणजे उद्या कोणी बोट दाखवायला नको. रविवारी समाजमंदिरात सभा बोलावली. उभा राहून त्यानं अथपासून सांगितलं. विषाचं कपाट सांगितलं, तांब्याचे कण सांगितले, वाफ सांगितली, बाटली कुठून आणली तेही सांगितलं. शेवटी म्हणाला, "अध्यक्षानं दारू हातात धरली. कशासाठीबी धरली असन, पन धरली. म्हनून मी राजीनामा देतो."

मग पत्रू म्हणाला, "पन राजीनामा काऊन?"

"दारूमुक्तीचा अध्यक्ष आहो मी!"

म्हातारा वारलू उठला. गावात शेवटचा शब्द त्याचा असतो. त्यानं लटारूच्या खांद्यावर हात ठेवला. "बस बेटा. तू घेतेस हे आमाले पयल्या दिवसापासून माहीत हाय. जप्तीचा माल तुह्याकडं जाते आन वापस येत नाई, मंग तो जाते कुठी? आमी इचार करूनच तो ठराव पास केला. माल कोनाच्या तरी पोटात जानारच. पंचायतीत ठेवला तं धा जनाच्या पोटात जाये, भांडनं व्हायचे. आता एकाच्याच पोटात जाते. गाव सुखी हाय."

"आन एवढं घेऊनबी भाऊचा तोल कधी जात नाई," नीलाबाई कौतुकानं म्हणाली. "मी तं माह्या घरच्याले सांगतो, पिवाचं तं लटारूभाऊसारखं."

लटारू ओरडला, "मी थेंब नाई घेतला! जनमात नाई घेतला!"

"हाव, हाव," सगळे म्हणाले. कोणीतरी हळूच म्हणालं, डोळे पाह्य कसे लाल झाले.

कमळा उठून म्हणाली की माह्या नवऱ्याच्या तोंडाचा वास मले नाई का माहीत. बायांनी तिच्याकडं डोळे भरून पाहिलं आणि बायको असावी तर अशी, असं एकमेकींना सांगितलं. तेव्हा मागच्या दाराशी उभी असलेली सोमारी पुढं आली. सभेला ती कधी येत नसे.

"ऐका," ती म्हणाली. "या गावात कोन घेते आन किती घेते, हे माह्याइतकं कोनाले माहीत नाई. कोनाचा हात सकाळी थरथरते, कोन बायकोले बाजार सांगून माह्या दाराशी येते, सगळं सांगू शकतो. या मानसानं माहे मडके फोडले, माह्या पेनाचा मोहा सांडला. मले त्याच्याशी काई प्रेम नाई. पन त्यानं घेतली नाई. कधीच नाई."

सभा पोट धरून हसली. "पाह्य," पत्रू डोळे पुसत म्हणाला, "गिऱ्हाइकाची बाजू कशी घेते!"

लटारू घरी आला आणि अंगणात बसून विचार करू लागला. राजीनामा दिला तर लोक म्हणणार, पिणं फार वाढलं म्हणून सोडलं. नाही दिला तर म्हणणार, फुकटचा माल सुटत नाही. भांडलं तर पिऊन भांडतो, गप्प बसलं तर पिऊन पडला आहे. सगळ्या बाजूंनी विचार करून झाल्यावर त्याला एवढंच कळलं की आयुष्यभर जे नाव त्यानं सांभाळलं, ते गावानं त्याला कधी दिलेलंच नव्हतं. आणि जो मान मिळत होता, तो भलत्याच गोष्टीबद्दल होता.

राजीनामा त्यानं मागं घेतला, कारण सभेनं तो घेतलाच नव्हता. पुढच्या धाडीला तो गेला, पण जंगलाकडच्या टोकाला वळला नाही. नीलाबाईनं विचारलं, सोमारीचं राह्यलं की. तो म्हणाला, तिथी काई नाई. बायांनी एकमेकींना कोपर मारलं. नाल्यापलीकडं एका झुडपात माल सापडला. जप्तीच्या बाटल्या पत्रूनं नेहमीप्रमाणं त्याच्या थैलीत घातल्या आणि म्हणाला, "घ्या भाऊ."

लटारूनं त्या थैलीतून काढल्या, चौकात आणल्या आणि भर दुपारी, पुऱ्या गावादेखत, एकेका बाटलीचा बोळा काढून मातीत ओतल्या. शेवटची बाटली त्यानं उलटी करून हलवून दाखवली. वास सुटला. माणसं नाकं वर करून उभी होती. लटारूनं सगळ्यांच्या तोंडाकडं एकदा पाहिलं.

"मानलं पाह्यजे," पत्रू शेजारच्याला म्हणाला, फारसा आवाज न उतरवता. "पान्याले वासबी कसा आनला! खरा माल वाटेत कुठी लपवून आला असन."

वारलू समाधानानं मान डोलवत होता. घोळक्याच्या कडेला सोमारी होती. तिनं कपाळाला हात लावला आणि घराची वाट धरली.

लटारूनं रिकाम्या बाटल्या गोळा केल्या. बोरिंगवर बसून त्या राखेनं घासल्या, तीन-तीन पाण्यांनी विसळल्या, उन्हाकडं धरून आत काही राहिलं नाही ना ते पाहिलं. मग शर्टाची वरची गुंडी चाचपून पाहिली आणि बाटल्या घेऊन कॉलेजात गेला. बारावीचं प्रॅक्टिकल होतं, आणि प्रयोगशाळेत पाण्याला बाटल्या कमी पडत होत्या.